सात नंबरचा बिल्ला

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही समुद्राच्या तळाशी आहात, सात मीटर पाण्याखाली. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि कानात फक्त तुमचाच श्वास. वर जायची वेळ होते. शिकवलं तसं तुम्ही सावकाश वर येता. डोकं पाण्याबाहेर काढता, तर हातभर अंतरावर होडीचं इंजिन घरघरतंय! आत माणसं आहेत असं सांगणारा निळा-पांढरा झेंडा कुणीतरी उतरवलाय. फळीवर तुमचा बिल्लाही नाही. म्हणजे वरच्या लोकांच्या लेखी तुम्ही पाण्यात नव्हताच.

पोर्ट मेरियटच्या धक्क्यावर त्या रविवारी म्हाताऱ्या क्लेमच्या बाबतीत नेमकं हेच घडलं.

१

माकुलं पकडणारी होडी धक्क्याला लागत होती. पुढे काळं डोकं वर आलेलं पाहून होडीवाल्यानं इंजिन बंद केलं, म्हणून क्लेम वाचला. पण त्याच्या डाव्या पायातल्या फिनचा, म्हणजे पोहायच्या रबरी पंखाचा, अर्धा तुकडा इंजिनाच्या पात्यानं कापून नेला.

"झेंडा खाली आहे तुमचा!" होडीवाला ओरडला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "झेंडा खाली असताना माणसं कशी काय उगवतात पाण्यातून?"

टॅमसिन धक्क्याच्या पायऱ्यांपाशी उभी होती. वय वर्षं बारा. आयुष्यात पहिल्यांदाच समुद्रात बुडी मारून ती नुकती बाहेर आली होती, आणि तिचे दात थंडीनं वाजत होते. आता ते भीतीनं वाजायला लागले.

क्लबचा नियम तिला पाठ होता. पायऱ्यांच्या वर एक काळी फळी होती, तिच्यावर खिळ्यांची रांग. पाण्यात उतरताना दोरीत ओवलेला आपला पितळी बिल्ला एका खिळ्याला अडकवायचा. बाहेर आल्यावर आपला आपणच काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, मग तो सख्ख्या आईचा का असेना. फळी रिकामी झाली की सगळे वर आले. मग शेवटी आलेल्यानं झेंडा उतरवायचा.

आज झेंडा उतरवला होता ग्वेंडानं, टॅमसिनच्या शिक्षिकेनं.

"फळी रिकामी होती, क्लेम," ग्वेंडा म्हणाली. तिचा आवाज एरवी धक्क्याच्या टोकापर्यंत जायचा, आज जवळच्यालाही जेमतेम ऐकू आला. "मी दोनदा पाहिली."

"मी बिल्ला लावला होता," क्लेम म्हणाला. तो पायरीवर बसून अर्ध्या फिनकडे बघत होता. "चौपन्न वर्षं लावतोय. आजच विसरेन?"

तेवढ्यात क्लबच्या शेडमधून अध्यक्ष रॉस लिंडनर बाहेर आला. खांद्यावर टॉवेल, नाकावर ओला चष्मा. त्यानं फिन पाहिली, फळी पाहिली, आणि ग्वेंडाकडे न बघता बोलला, "बारा वाजता बैठक. तोपर्यंत ग्वेंडानं कुणाला पाण्यात न्यायचं नाही. बैठकीत तसं ठरलं, तर पुढेही नाही. नियम म्हणजे नियम."

पोहण्याच्या तलावात पाण्यात तोंड घालायला टॅमसिनला तीन रविवार लागले होते. तिन्ही रविवार ग्वेंडा तिच्या शेजारी छातीभर पाण्यात नुसती उभी राहिली होती. 'घाल बघू तोंड' असं एकदाही म्हणाली नव्हती. ग्वेंडा नसेल तर टॅमसिनला समुद्र नको होता.

डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून ती नळापाशी गेली. तिची पिवळी बादली तिथेच होती. मास्क धुवायचा म्हणून तिनं आतलं पाणी ओतलं.

पाण्याबरोबर काहीतरी खणकन फरशीवर पडलं.

पितळी बिल्ला. त्याच्यावर आकडा कोरला होता: सात.

क्लेमचा.

२

टॅमसिननं तो झटकन मुठीत लपवला. बिल्ला बोटांतून निसटत होता. अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे पाण्याचे थेंब त्याच्यावरून घरंगळले.

आता काय? दाखवला तर सगळे म्हणतील, या पोरीनंच काढला. पहिलीच वेळ, गोंधळली असेल. आणि पोरीनं घोळ घातला तर बोल लागणार तिच्या शिक्षिकेलाच. समुद्र चार पावलांवर होता. हात लांब करून मूठ उघडली, की संपलं. कुणाला कधी कळणार नाही.

"मुठीत काय आहे?"

कॉम्प्रेसरच्या खोलीच्या दारात मिसेस ओपी उभ्या होत्या. क्लबात सगळे एकमेकांना नावानं हाक मारत, पाण्यात काका-मावशी कुणी नाही असं म्हणत. मिसेस ओपींना मात्र कुणी नावानं हाक मारत नसे, कारण निम्म्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलं होतं. कानाचा पडदा फाटलेला असल्यामुळे त्यांना स्वतःला बुडी मारता येत नसे. त्या इतरांच्या टाक्यांत हवा भरून देत.

त्यांच्यासमोर मूठ मिटून राहणं रॉसलाही जमलं नसतं. टॅमसिननं ती उघडली.

"माझ्या बादलीत होता. शप्पथ, मी नाही ठेवला."

"शपथ कशाला? तू म्हणतेस ना, तेवढं बास." त्यांनी बिल्ला रुमालात घेतला. "तू ठेवला नाहीस, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी ठेवला. सकाळी पाण्यात किती जण होते?"

टॅमसिननं बोटं मोजली. "मी, ग्वेंडा, बेकरीवाला साल्वो. तोही माझ्यासारखाच शिकतोय. क्लेम. आणि रॉस. तो खाली दिसला होता आम्हाला, कॅमेरा घेऊन."

"पाच. आणि फळीवर?"

"म्हणजे?"

"तू तुझा बिल्ला लावलास, तेव्हा फळी कशी दिसत होती? आता नको सांगूस. आठवत राहा." मिसेस ओपींनी हात पुसले. "बाराला अजून दीड तास आहे. चल, लोकांना भेटू. मी बोलेन. तू फक्त त्यांचे हात बघ."

"हात का?"

"तोंडाला खोटं बोलायची सवय असते, पोरी. हातांना नसते."

३

साल्वो बाकावर बसून आपल्याच बेकरीची पॅस्टी खात होता. म्हणजे खायचा प्रयत्न करत होता. त्याची बोटं इतकी गारठली होती की कागदी पिशवी उघडता येईना, म्हणून त्यानं ती दातांनी फाडली होती.

"मला काही विचारू नका," मिसेस ओपींना पाहताच तो म्हणाला. "मी काही पाहिलं नाही. मला काही माहीत नाही."

"मी अजून काही विचारलंच नाही, साल्वो."

"बरं, मग छान." त्याचे कान लाल झाले.

"तुम्ही तिघं वेळेआधी वर आलात. अजून पंधरा मिनिटं बाकी होती. का?"

साल्वोनं पॅस्टी खाली ठेवली. टॅमसिनला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच संशय आला. इतका हसरा माणूस, आणि आज नजर का चुकवतोय?

"हिनं सांगितलं नाही का तुम्हाला?" त्यानं टॅमसिनकडे बोट दाखवलं. "सांगून टाक ना. हसा सगळे."

"मला खरंच माहीत नाही," टॅमसिन म्हणाली. "ग्वेंडानं वर चला म्हणून खूण केली, आम्ही आलो."

"कारण आधी मी केली!" साल्वोनं अंगठा वर केला. "खाली एवढं सुंदर होतं, ते माशांचे थवे, खांबांवरची लाल-पिवळी फुलं. मला म्हणायचं होतं, वा, झकास! विसरलो. पाण्यात अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचंय'. ग्वेंडाला वाटलं, मी घाबरलो. आणलं तिनं वर. मी वेळ भरू दिली असती, तर तोवर क्लेम आपसूक बाहेर आला असता. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

पॅस्टी मात्र अर्धी संपली होती.

"तू कुठला बिल्ला काढलास?"

"माझा. अकरा. मधल्या खिळ्यावरचा. टॅमसिननं बारा काढला, ग्वेंडानं दोन. मग काहीच उरलं नाही."

क्लेम शेडमागे उन्हात बसला होता. तो कुणाशीच बोलायला तयार नव्हता.

"म्हातारा विसरला, असं म्हणतायत ना? म्हणू दे."

"ग्वेंडा तसं म्हणाली नाही," मिसेस ओपी म्हणाल्या.

"पंधरा दिवसांपूर्वी म्हणालीच की! या वयात एकट्यानं उतरू नकोस, क्लेम. जोडीदार घेऊन जा, क्लेम. मी पाण्यात उतरायला लागलो तेव्हा ही बाई पाळण्यात होती."

टॅमसिनच्या मनात पाल चुकचुकली. क्लेमचा ग्वेंडावर राग होता तर! रागाच्या भरात माणूस आपला बिल्ला लावायचं मुद्दाम टाळेल का? पण मग तो बादलीत कसा आला? आणि इंजिनाच्या पात्यापाशी कुणी मुद्दाम डोकं काढेल?

तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. ते अजून थरथरत होते.

शेडमध्ये रॉस कॅमेऱ्याशी खटपट करत होता. कॅमेऱ्याची जाड पेटी उघडी होती. तिच्या कडेचं रबरी कडं काढून तो त्याला छोट्या नळीतलं पारदर्शक मलम चोळत होता.

"हे कशाला?" टॅमसिननं विचारलं.

"पाणी आत शिरू नये म्हणून. प्रत्येक वेळी पेटी उघडली की करावं लागतं," रॉस म्हणाला. मग मिसेस ओपींकडे वळला. "बैठकीआधी चौकशी कशाला? सरळ गोष्ट आहे. क्लेम बिल्ला लावायला विसरला, आणि ग्वेंडानं डोकी न मोजता झेंडा उतरवला. दोघांचंही वाईट वाटतं मला."

"तू किती वाजता उतरलास?"

"साडेआठला, सगळ्यांच्या आधी. काल खांबाच्या गवतात लीफी दिसला होता, तो पानांसारखा दिसणारा समुद्री घोडा, अंडी घेतलेला नर. उजेड बदलायच्या आत त्याचा फोटो हवा होता."

"बिल्ला?"

"लावला की. माझ्या नेहमीच्या खिळ्याला. बाहेर आल्यावर काढला. ग्वेंडाची तिघं माझ्यानंतर आली."

"मिळाला का फोटो?"

"झकास मिळाला." तो पहिल्यांदाच हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. त्यानं मलमाची बोटं टॉवेलला पुसली, पुन्हा पुसली. बाजूच्या नळाखाली धरली. पाण्याचे थेंब त्याच्या बोटांवरून घरंगळून खाली पडले.

टॅमसिननं आपला उजवा हात पाहिला, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. अजून बुळबुळीत होती.

तिचा श्वास अडकला. पाण्यात श्वास कधीही रोखायचा नाही, हे ग्वेंडाचं पहिलं वाक्य तिला आठवलं. तिनं सावकाश सोडला, आणि मिसेस ओपींची बाही ओढली.

४

बारा वाजता क्लबातल्या टेबलाभोवती सहा जण जमले. मिसेस ओपींनी काळी फळी काढून आणली आणि भिंतीला टेकवून उभी केली. तिच्यावर पांढऱ्या रंगात नियम लिहिला होता, रॉसनंच रंगवलेला: आपला बिल्ला आपणच काढावा.

"आज कुणी काही सांगायचं नाही," मिसेस ओपी म्हणाल्या. "करून दाखवायचं. बिल्ले टेबलावर ठेवा."

ग्वेंडानं दोन ठेवला, साल्वोनं अकरा, टॅमसिननं बारा. रॉसला आपला आणायला गाडीपर्यंत जावं लागलं. त्यानं एक नंबर ठेवला. मग मिसेस ओपींनी रुमाल उघडून सात ठेवला.

"हा कुठे मिळाला?" ग्वेंडा उठून उभीच राहिली.

"टॅमसिनच्या बादलीत."

सगळ्यांच्या नजरा टॅमसिनकडे वळल्या. टॅमसिननं टेबलाची कड घट्ट धरली.

"हे बघा, लहान पोर आहे," रॉस घाईनं म्हणाला. "चूक होते. तिला कुणी रागावू नका. पण मग जबाबदारी तिला शिकवणाऱ्याचीच, नाही का?"

"आधी फळी लावू," मिसेस ओपी म्हणाल्या. "सकाळच्या क्रमानं. रॉस, तू पहिला."

रॉसनं खांदे उडवले. एक नंबर उचलून त्यानं उजव्या कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवला. पायऱ्या चढून येताना तोच खिळा हाताशी यायचा. कोपरा अध्यक्षांचा, हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं.

"क्लेम."

क्लेमनं सात उचलला. फळीपाशी गेला, हात उचलला, आणि तो कोपऱ्यापाशीच थांबला.

"हे असं नव्हतं," तो म्हणाला.

"कसं नव्हतं?"

"इथे काही नव्हतं. हा खिळा रिकामा होता. मला वाटलं, आज रॉस आला नाही. म्हटलं, चला, आज आपण अध्यक्ष." तो वळला. "मी माझा बिल्ला इथेच लावला. एका खिळ्याला दोन बसत नाहीत."

"क्लेमला काल काय जेवला ते आठवत नाही," रॉस म्हणाला.

"टॅमसिन," मिसेस ओपी म्हणाल्या, "तुला आठवत राहायला सांगितलं होतं."

टॅमसिन फळीपाशी गेली. समुद्रात उतरण्यापेक्षा हे सोपं होतं. "मलाही कोपऱ्यातला खिळा हवा होता. ग्वेंडा म्हणाली, तो रॉसचा. आणि तिथे एक बिल्ला होताच. मी नंबर नाही वाचला, मला वाटलं रॉसचाच. पण पूर्ण फळीवर तो एकच होता. मग मी माझा लावला, साल्वोनं त्याचा, ग्वेंडानं तिचा." तिनं एकेक बिल्ला खिळ्याला अडकवला. "म्हणजे चार. आणि पाण्यात होतो पाच. कुणीतरी बिल्ला न लावताच उतरलं होतं."

"क्लेमच!" रॉस म्हणाला.

"क्लेमनं लावला नसता, तर सात नंबर फळीवर आलाच नसता, आणि कुणाला काढताही आला नसता. तो क्लेमच्याच खिशात राहिला असता." टॅमसिननं क्लेमच्या हातातल्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं. "मला तो मिळाला तेव्हा बुळबुळीत होता. त्याच्यावर पाणी ठरत नव्हतं. तुझ्या बोटांवर ठरत नव्हतं ना, रॉस, तसंच. कॅमेऱ्याच्या मलमानं."

मिसेस ओपींनी एक नंबरची दोरी बोटांत धरली. "बाकी सगळ्यांच्या दोऱ्या अजून ओल्या आहेत. ओल्या हातांनी काढलेल्या. तुझी कोरडी ठणठणीत आहे, रॉस. हा बिल्ला आज सकाळी गाडीतून बाहेर आलाच नाही."

रॉसनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याच्याशिवाय त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"लीफी निघून जाईल म्हणून धावलो," तो म्हणाला. "बिल्ला गाडीत राहिला. म्हटलं, एक दिवस नाही लावला तर काय होतंय? बाहेर आलो तेव्हा हात बधिर झाले होते, चष्मा पिशवीत. हात आपोआप कोपऱ्याकडे गेला. बावीस वर्षं जातोय. काढला आणि टाकला कॅमेऱ्याच्या पिशवीत. शेडमध्ये पेटी उघडली, मलम लावलं, चष्मा काढायला पिशवीत हात घातला, आणि सात नंबर हाताला लागला. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा सुरू झाला."

"तेव्हाच सांगायचं होतंस," ग्वेंडा म्हणाली.

"माहीत आहे. सगळे होडीकडे धावले होते. मी नळापाशी गेलो आणि दिसेल त्या बादलीत टाकला."

"दिसेल त्या?" मिसेस ओपींचा आवाज चढला नाही. "त्या बादलीवर टॅमसिनचं नाव आहे, हाताएवढ्या अक्षरांत. आणि चष्मा तोवर तुझ्या डोळ्यांवर होता."

"रॉस," क्लेम शेवटी म्हणाला, "मी खाली होतो रे."

एवढंच. पण रॉसनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पुढचं ठरवायला फार वेळ लागला नाही. ग्वेंडानं शिकवणं चालू ठेवायचं. अध्यक्ष दुसरा शोधायचा. आणि यापुढे वर आलेल्यांची डोकीही मोजायची, असं ग्वेंडानं स्वतःहून सुचवलं. रॉसचं काय, ते क्लेमनं सांगितलं. फिन त्याची कापली गेली होती, तेव्हा तो हक्क त्याचाच.

"सहा महिने तू पाण्यात उतरायचं नाही. दर रविवारी यायचं, फळीपाशी उभं राहायचं, आणि शेवटचा माणूस वर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. आजपासून."

फळी पुन्हा धक्क्यावर गेली. वारा पडला होता, पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. टॅमसिनच्या पहिल्या बुडीची पंधरा मिनिटं अजून बाकी होती.

"आज नको असेल तर पुढच्या रविवारी," ग्वेंडा म्हणाली. "मला घाई नाही."

"मी तरी येतोय," साल्वो म्हणाला. "अंगठा मुठीत घट्ट धरून."

झेंडा वर चढला. रॉस फळीशेजारी उभा राहिला, मान खाली घालून. टॅमसिन त्याच्याकडे बघत राहिली. ज्यानं आपली चूक तिच्या बादलीत लपवली, त्याच्या भरवशावर आता तिला पाण्याखाली जायचं होतं. ग्वेंडा तलावात उभी राहायची तशीच तिच्या शेजारी उभी राहिली.

टॅमसिन वळली आणि सरळ क्लबात परत गेली. साल्वोला वाटलं, झालं, पोरगी घाबरली. पण ती लगेच बाहेर आली. तिनं आपला बारा नंबरचा बिल्ला कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवला, अध्यक्षांच्या. मग टेबलावर राहिलेला चष्मा तिनं रॉसच्या हातात ठेवला.

"आधी हा घाल," ती म्हणाली. "आणि मी स्वतः येऊन बिल्ला काढेपर्यंत इथून हलू नकोस."

त्यानं चष्मा घातला. टॅमसिननं तोंडात नळी धरली, एका हातानं मास्क दाबला, आणि धक्क्याच्या कडेवरून मोठं पाऊल टाकलं.